नांगर नदीत का घसरतो?



चिपळूणहून सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. गोवळकोटच्या धक्क्याजवळ तिनं नांगरलेल्या होड्या पाहिल्या आणि तिला प्रश्न पडला. होडी एवढी मोठी, नांगर एवढासा. मग एवढासा नांगर होडीला धरून कसा ठेवतो? होडीच नांगराला फरफटत का नेत नाही?

फक्कड प्रश्न! आणि त्याचं पहिलं उत्तर असं की, नेते ना! कधी कधी होडी नांगराला खुशाल फरफटत नेते. ‘नांगर घसरला’ म्हणतात त्याला. एखाद्या शांत, आडोशाच्या जागी असं सहसा होत नाही. पण नदीत होतं, आणि रात्री माणसं झोपलेली असतानाही होतं. म्हणून या खेपेला आपण नदीतल्या नांगराचीच गोष्ट करू. मोठ्या जहाजांचा मामला जरा वेगळा असतो, तो बाजूला ठेवू. आपण घेऊ दहा-बारा मीटर लांबीची, शिडाची, आत झोपायला आणि रांधायला जागा असलेली सफरीची होडी. अशा होड्यांतून जगभर कितीतरी कुटुंबं महिनोन् महिने फिरत असतात. होडी हेच त्यांचं घर. म्हणजे नांगर घसरला की घरच निघालं प्रवासाला, तेही घरातले सगळे गाढ झोपलेले असताना!

आधी नांगर धरतो कसा ते पाहू. बहुतेकांना वाटतं की तो जड असतो म्हणून धरतो. चूक! अकरा मीटरच्या होडीचं वजन सहा-सात टन, म्हणजे सहा-सात हजार किलो असतं. तिचा नांगर असतो वीसेक किलोचा. नुसत्या वजनावर काम चाललं असतं तर या होडीनं नांगराला खेळण्यासारखं ओढत नेलं असतं. नांगर धरतो तो तळात रुतून. त्याचं टोक चिखलात किंवा वाळूत शिरतं आणि होडी जसजशी ओढते तसतसं ते आणखी खोल जातं.

घरी करून पाहा. एका परातीत ओली वाळू घ्या, थापून घट्ट करा. एका काट्याचे दाते वाकवून (आईला विचारून हं, नाहीतर मला बोलणी बसतील) त्याला आकड्याचा आकार द्या आणि दांड्याच्या टोकाला दोरा बांधा. काटा वाळूवर आडवा ठेवून दोरा अगदी जमिनीलगत, आडवाच ओढा. दाते वाळूत शिरतील आणि जोर लावावा लागेल. आता तोच दोरा वरच्या दिशेनं ओढा. काटा अलगद निघून हातात! नांगराचं सगळं गुपित या परातीत आहे. आडवा ओढला तर धरतो, वर ओढला तर सुटतो. खरं तर तो तसा सुटायलाच हवा, नाहीतर सकाळी निघताना काढणार कसा?

मराठीत शेतातल्या अवजारालाही नांगर म्हणतात आणि होडीच्यालाही. दोघंही जमिनीत दात रोवतात म्हणून आपल्याला हे सोपं वाटतं. पण १९३३ साली इंग्लंडमधल्या एका शास्त्रज्ञानं खरोखरच शेतातल्या नांगराच्या फाळासारखा दिसणारा होडीचा नांगर तयार केला. त्याचं नाव जेफ्री इन्ग्राम टेलर. केंब्रिजमध्ये हा माणूस पाणी आणि हवा कशी वाहते याचं गणित मांडायचा, आणि सुटीत स्वतःची शिडाची होडी घेऊन भटकायचा. १९२७ साली तो थेट उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांपर्यंत जाऊन आला होता. त्या काळचे नांगर अवजड होते. टेलरचा नांगर हलका, पण ओढला की कुशीवर वळून फाळासारखा जमिनीत घुसणारा. त्याचं नाव ठेवलं ‘सी.क्यू.आर.’. ही तीन अक्षरं इंग्रजीत भरभर म्हणून पाहा. ‘सिक्युअर’ म्हणजे ‘सुरक्षित’ असं ऐकू येतं! जाता जाता आणखी एक गंमत. टेलरच्या आईची आई मेरी ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी. हो, भारताची मोजणी करणारे, आणि ज्यांचं नाव त्या शिखराला दिलं तेच एव्हरेस्ट.

आता येऊ साखळीकडे. कारण नांगर कितीही चांगला असला तरी त्याला आडवं ओढण्याचं काम साखळी करते. होडी वर पाण्यावर, नांगर खाली तळावर. साखळी तोकडी असली तर ती सरळ वरच्या दिशेनं ओढणार आणि परातीतल्या काट्यासारखी गत होणार. म्हणून साखळी लांब सोडायची. किती लांब? नुसती साखळी असेल तर खोलीच्या निदान चार-पाच पट. साखळीऐवजी दोर असेल तर सात पट, कारण दोर हलका असतो, तळावर लोळत नाही. साखळी स्वतःच्या वजनानं खाली झोळ खाते, तिचा नांगराकडचा भाग तळावर आडवा पडून राहतो. वारा जोराचा आला तर आधी हा झोळ ताणला जातो, मग नांगराला हिसका बसतो. तोवर निम्मा हिसका जिरलेला असतो.

आता तुमच्या आवडीचं गणित. तुम्ही ओहोटीच्या वेळी एका जागी आलात. पाणी ४ मीटर खोल आहे. होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून १ मीटर वर. एकूण ५ मीटर. पाचपट म्हणजे २५ मीटर साखळी सोडली आणि निवांत जेवायला बसलात. सहा तासांनी भरती आली आणि पाणी ३ मीटर चढलं. आता तळापासून नाळेपर्यंत ८ मीटर झाले. पण साखळी तेवढीच, २५ मीटर! पाचपट होती ती जेमतेम तीनपट झाली. तुम्हांला ते शिडीचं कोडं माहीत असेल. जहाजाच्या बाजूला शिडी लटकतेय, भरतीचं पाणी तासाला इतकं चढतं, तर किती पायऱ्या बुडतील? एकही नाही, कारण पाण्याबरोबर जहाजही वर जातं. कोड्यात फसला नाहीत तरी इथे फसाल. कारण होडी वर जाते, नांगर मात्र खालीच राहतो. म्हणून हिशेब नेहमी भरतीच्या खोलीचा करायचा. आपल्या होडीसाठी ८ गुणिले ५, म्हणजे ४० मीटर. १० मिलिमीटर जाडीच्या अशा साखळीचं वजन नव्वद किलोच्या आसपास भरतं, म्हणजे नांगराच्या चौपटीहून जास्त.

इथवर समुद्र काय नि नदी काय, सारखंच. खरी अडचण इथून पुढे. त्यासाठी तुम्हांला एका खऱ्या नदीवर नेतो.

युरोपच्या नैऋत्य टोकाला स्पेन आणि पोर्तुगाल हे दोन देश शेजारी शेजारी आहेत. नकाशा काढा. सुमारे ८०० किलोमीटर लांबीची ग्वादियाना नावाची नदी स्पेनमधून येते आणि शेवटच्या टप्प्यात या दोन देशांची सीमा होऊन अटलांटिक महासागराला मिळते. मुखापासून वर गेलं की साधारण वीस सागरी मैलांवर दोन पांढरीशुभ्र गावं समोरासमोर लागतात. एका काठावर पोर्तुगालचं अल्कोतीम, समोर स्पेनचं सानलुकार. दोन्ही गावांच्या डोक्यावर एकेक जुना किल्ला, जणू एकमेकांकडे डोळे वटारून बसलेले. आणि दोन्ही देशांच्या घड्याळांत एक तासाचा फरक! अल्कोतीममध्ये बारा वाजतात तेव्हा समोर सानलुकारमध्ये एक वाजलेला असतो. दोन गावांच्या मधल्या पाण्यात देशोदेशींच्या सफरी होड्या नांगरून राहतात. काही जण आठवड्यासाठी येतात आणि अख्खा हिवाळा मुक्काम ठोकतात, इतकी जागा रम्य.

पण ही रम्य नदी नांगराचा घाम काढते. पहिलं कारण भरती-ओहोटी. समुद्र इतका दूर असूनही भरतीचं पाणी या गावांच्याही पुढे नदीत चढतं. चिपळूणच्या मैत्रिणीला हे सांगायला नको. वाशिष्ठीच्या खाडीतूनही भरती गोवळकोटापर्यंत येतेच. कोकणातल्या जुन्या माणसांना भरतीची वेळ तोंडपाठ असते, कारण त्यांचा हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे साधारण तीन वाजता भरती. आजोबांना विचारून पाहा, आणि मग ताडून बघा. (हा आडाखा आपल्या किनाऱ्याचा हं. ग्वादियानावर नेऊन लावू नका.)

तर होतं काय, की सहा-एक तास पाणी समुद्राकडे वाहतं. होडी नाळ वर डोंगराकडे करून उभी राहते आणि नांगराला समुद्राच्या दिशेनं ओढते. मग पाणी थबकतं. दहा-पंधरा मिनिटं काडीसुद्धा हलत नाही. आणि मग वाहणं उलटं सुरू होतं! होडी गर्रकन वळते आणि आता नांगराला अगदी विरुद्ध दिशेला ओढू लागते. शेतातल्या नांगराला पूर्वेकडे चालवता चालवता कुणी मागून पश्चिमेकडे ओढलं तर फाळाचं काय होईल? तेच इथे होतं. रुतलेला नांगर उपटला जातो, पालथा होतो आणि त्याला नव्यानं रुतावं लागतं. चांगला नांगर थोडा घसरून पुन्हा घुसतो. पण घुसण्याआधी त्याच्या टोकात एखादी फांदी किंवा गवताचा गोळा अडकला, तर तो घुसतच नाही. होडी निघाली! आणि हे दिवसातून चार वेळा होतं. त्यांतली एक-दोन वेळ मध्यरात्रीची असणारच.

तुम्ही म्हणाल, पाण्याचा वेग असतो तरी केवढा? तासाला साडेतीन-चार किलोमीटर म्हणजे आपण रमतगमत चालतो तेवढाच. पण पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं. एखादी फळी चालीच्या वेगानं वाहणाऱ्या पाण्यात आडवी धरली तर तिच्यावर जेवढा दाब पडतो, तेवढा वाऱ्यानं पाडायचा झाला तर वाऱ्याला ताशी शंभर किलोमीटरनं, म्हणजे वादळासारखं वाहावं लागेल. होडीचा तळ निमुळता असतो म्हणून बरं, नाहीतर काही खरं नव्हतं. आणि वेग दुप्पट झाला तर ओढ दुप्पट होत नाही. चौपट होते! ही गोष्ट लक्षात ठेवा, पुराकडे आलो की लागणार आहे.

वाऱ्याचीही एक खोड सांगतो. पाणी होडीच्या बुडाला ढकलतं, वारा वरच्या भागाला आणि डोलकाठीला. दोघं एका दिशेनं ढकलत असले तर ठीक. पण पाणी खाली चाललंय आणि वारा खालून वर येतोय, अशी दोघांची जुंपली की होडीला कळेनासं होतं कुणाचं ऐकावं. मग ती पुढे सरकून आपल्याच नांगराच्या डोक्यावर जाऊन बसते, तिरपी होते, साखळी बुडाला घासून रात्रभर कुरकुरत राहते. खोल कणा असलेली जड होडी पाण्याचं ऐकते, बुडाला उथळ आणि वर उंच असलेली हलकी होडी वाऱ्याचं. त्यामुळे दुपारी एकाच दिशेला तोंडं करून शिस्तीत उभ्या असलेल्या दोन शेजारणी संध्याकाळी एकमेकींना टक्कर द्यायला निघतात! मुक्कामाला जागा निवडताना शेजारची होडी कुठल्या जातीची आहे, हे म्हणूनच बघावं लागतं.

मग जागा कुठली निवडावी? नदी म्हणजे काही मैदान नव्हे. आपली ४० मीटर साखळी आणि ११ मीटर होडी. भरतीला नांगरापासून पन्नासेक मीटर वर, ओहोटीला पन्नासेक मीटर खाली, आणि मध्ये वळताना कधी या काठाकडे तर कधी त्या काठाकडे. अरुंद नदीत एवढं मोठं वर्तुळ बसवायचं कुठं? त्यावर एक जुनी युक्ती आहे. नाळेवरूनच दोन नांगर टाकायचे, एक वरच्या बाजूला दूर, एक खालच्या बाजूला दूर. होडी दोघांच्या मध्ये. ओहोटीला वरचा नांगर धरतो, भरतीला खालचा. कुठल्याच नांगराला उलटं व्हावं लागत नाही आणि होडी जवळजवळ जागच्या जागी वळते. झकास ना? पण होडी दर वेळी डावीकडून वळेल की उजवीकडून, हे तिच्या मर्जीवर. चार वेळा एकाच बाजूनं वळली की दोन्ही साखळ्यांची वेणी! घाईनं निघायची वेळ आली आणि साखळ्यांची वेणी पडलेली असली तर काय तारांबळ उडते ते विचारू नका. माझं मत विचाराल तर जागा पुरत असेल तिथे एकच पण मोठा नांगर बरा.

नदीच्या वळणाविषयी मात्र सांगायलाच हवं. घरी काचेच्या पेल्यात पाणी घ्या, त्यात चहाची पत्ती टाका, ती तळाला बसली की चमच्यानं गोल ढवळा आणि चमचा काढून घ्या. पाणी गरगर फिरतंय, तेव्हा पत्ती कडेला फेकली जायला हवी. प्रत्यक्षात ती तळाशी मधोमध गोळा होते! याचं कारण १९२६ साली दस्तुरखुद्द आइन्स्टाइन यांनी एका निबंधात समजावून सांगितलं, आणि तेही नद्या वळणं का घेतात हे सांगताना. तळाजवळचं पाणी तळाला घासून हळू फिरतं. वरचं पाणी जोरात फिरून बाहेरच्या बाजूला सरकतं, कडेनं खाली उतरतं आणि तळावरून पत्तीला ढकलत मध्यावर येतं. नदीच्या वळणावर अगदी हेच होतं. बाहेरच्या काठाला पाणी जोरानं धडकतं, माती खरवडून नेतं. तिथे पात्र खोल आणि तळ कडक, कधी नुसता खडक. आतल्या काठाला तीच माती चहापत्तीसारखी साचते. तिथे पाणी संथ आणि तळाला मऊ गाळ. नांगराला हवा गाळ, म्हणून आतली बाजू चांगली. पण तिथेच पाणी उथळ! फार आत गेलात तर ओहोटीला होडी गाळात बसेल आणि कलंडेल. म्हणजे आतल्या बाजूला, पण बेतानं. मोठ्या नावांची वाट असते खोल पाण्यातून, बाहेरच्या बाजूनं, त्यामुळे त्यांच्या वाटेतूनही आपण आपसूक बाजूला होतो.

तळ कसला आहे हे जुने खलाशी कसं ओळखायचे माहीत आहे? दोरीला शिशाचा ओळंबा बांधायचा. त्याच्या बुडाला खोबण, खोबणीत चरबी. ओळंबा तळाला टेकवून वर काढला की दोरीवरच्या खुणांवरून खोली कळायची आणि चरबीला चिकटलेल्या वाळू-चिखलावरून तळ. अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवरचे खलाशी दोन वाव पाणी मिळालं की ‘मार्क ट्वेन’ अशी आरोळी द्यायचे. दोन वाव म्हणजे बारा फूट, आगबोटीला पुरेसं पाणी. त्याच नदीवर वाटाड्या म्हणून काम केलेल्या सॅम्युएल क्लेमेन्सनं पुढे लेखक झाल्यावर हीच आरोळी आपलं नाव म्हणून घेतली. टॉम सॉयरचा जन्मदाता तो हाच!

जागा मिळाली, की नांगर पाण्यात फेकायचा नाही. सिनेमात फेकतात, ते सोडा. फेकला तर साखळीचा ढीग त्याच्याच अंगावर पडतो आणि तो तिच्यात गुरफटतो. होडी प्रवाहाकडे तोंड करून थांबवायची, नांगर सावकाश तळाला उतरवायचा, होडी मागे मागे जाऊ लागली की साखळी थोडी थोडी सोडत राहायची. सगळी सोडून झाली की इंजिन मागच्या गतीवर टाकून नांगराला बेतानं ओढ द्यायची. साखळीवर तळवा ठेवायचा. नांगर रुतला असेल तर साखळी ताठ आणि गप्प. घसरत असेल तर खडबडीत रस्त्यावरून बैलगाडी जावी तशी थरथर हाताला लागते. लागली तर? तर नांगर वर, आणि सगळं पहिल्यापासून. अंधार पडत आला असो, पोटात कावळे ओरडत असोत, इथे कंटाळा करायचा नाही.

आता पुराकडे येऊ. ग्वादियानाच्या काठी उंच, पोकळ बोरूची बेटं माजलेली आहेत. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला की हे बोरू मुळासकट सुटतात आणि गठ्ठेच्या गठ्ठे वाहत येतात, सोबत ओंडके आणि अख्खी झाडंसुद्धा. नदीच्या मधोमध ताणलेली साखळी म्हणजे त्यांच्यासाठी आयती चाळण. एक बोरू अडकतो, त्याला दुसरा, त्याला दहा. बघता बघता नाळेसमोर अंगणाएवढं बेट तयार होतं. त्यावर पाण्याचा दाब, आणि तो सगळा एकाच साखळीवर. त्यात पुरानं पाण्याचा वेगही वाढवलेला. वेग दुप्पट, ओढ चौपट, आठवतंय ना? टेलरचा नांगर असो की आणखी कुणाचा, इथे तो शरण येतो. म्हणून पावसाळी दिवसांत लोक लांब बांबू घेऊन नाळेवर उभे राहतात आणि बोरू ढकलत राहतात. एक झोपतो, एक ढकलतो.

अशा पुरात भरतीही हरते. समुद्राकडून वर येणारं पाणी नदीच्या पाण्याला उलटवू शकत नाही, फक्त थोडं थोपवून धरतं. होडी दिवसभर डोंगराकडेच तोंड करून राहते. रोज वळणारी होडी आज वळली नाही, म्हणजे वर काहीतरी झालंय, हे जाणता माणूस तिथेच ओळखतो. ग्वादियानाच्या वरच्या भागात आता अल्केव्हा नावाचं प्रचंड धरण आहे. २००२ सालच्या फेब्रुवारीत त्याचे दरवाजे बंद करून पाणी अडवायला सुरुवात झाली. तेव्हापासून नदीला पुष्कळसा लगाम बसला आहे. पण धरणातून पाणी सोडलं की खाली ओढ वाढतेच. धरण नव्हतं तेव्हाचं काय सांगावं! १८७६ सालच्या डिसेंबरात इथे आलेल्या महापुराच्या आठवणी काठावरची गावं अजून काढतात. चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ चा पूर असाच आठवत राहील. वाशिष्ठीला डोंगरातून लोंढा आला आणि भरतीनं खालून पाणी थोपवून धरलं, की शहराचं काय होतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मग होडीत असलेल्या माणसानं काय करायचं? नांगर उचलायला वेळ मिळाला तर उचलून आडोशाला जायचं. पण साखळीवर टनावारी ओझं असेल तर नांगर उचलला जातच नाही. त्यासाठी एक सोय आधीच करून ठेवलेली असते. साखळीचं होडीकडचं शेवटचं टोक लोखंडी कडीत पक्कं अडकवत नाहीत. ते दोरीनं बांधतात. आणि जवळच एक धारदार सुरी ठेवतात. वेळ आली की इंजिन सुरू करायचं, साखळी सगळी सोडून द्यायची, टोकाला एक तरंगता बोया बांधायचा आणि दोरी कापायची. नांगर गेला, साखळी गेली, होडी आणि माणसं वाचली. पूर ओसरला की बोया शोधत यायचं. मिळालं तर मिळालं. एक नांगर आणि एक साखळी ही काही स्वस्त वस्तू नव्हे. त्यामुळे ती दोरी कापायला भल्याभल्यांचा हात धजत नाही, आणि त्या पाच मिनिटांच्या घुटमळण्यात मागचा काठ जवळ आलेला असतो.

याच्या अगदी उलटी भानगडही नदीत होते. नांगर घसरत नाही, तर सुटतच नाही! तळाला बुडालेलं झाड असतं, कुणाची तरी जुनी टाकलेली साखळी असते, तिच्यात तो जाऊन अडकतो. म्हणून संशयाच्या जागी नांगराच्या पुढच्या अंगाला, म्हणजे फाळाच्या बाजूला, वेगळी बारीक दोरी बांधून तिच्या वरच्या टोकाला बोया सोडतात. साखळीनं ओढून निघाला नाही तर ही दोरी ओढायची. नांगर उलट्या बाजूनं, ज्या वाटेनं शिरला त्याच वाटेनं मागे सरकतो. दोराच्या विळख्यात गुरफटलेला नांगर हा खलाशांना सगळ्यांत नकोसा प्रकार, आणि गंमत अशी की तोच कितीतरी देशांच्या नौदलांनी चिन्ह म्हणून मिरवला आहे! आपल्या नौदलानं २ सप्टेंबर २०२२ ला जो नवा झेंडा स्वीकारला त्यावरही नांगर आहे, आणि त्याभोवतीचा अष्टकोन छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला आहे. पुढच्या नौदल दिनाला, ४ डिसेंबरला, वर्तमानपत्रातल्या फोटोत नीट बघा.

राहिली रात्र. अंधार पडला की होडीवर चारही दिशांनी दिसेल असा एक पांढरा दिवा लावायचा. दिवसा त्याऐवजी नाळेकडे एक काळा गोळा टांगायचा. ‘मी नांगरलेली आहे, मला चुकवून जा’ असा त्याचा अर्थ. हा नियम जगभर एकच आहे. मग झोपण्याआधी काठावरच्या दोन वस्तू एका रेषेत पकडून ठेवायच्या. समजा, जवळचं एक झाड आणि त्याच्या बरोब्बर मागे किल्ल्याचा बुरूज. रात्री उठून पाहिलं आणि बुरूज झाडाच्या बाजूला सरकलेला दिसला, तर होडी हलली. आता मोबाइलमध्येही सोय आहे. नांगराभोवती एक वर्तुळ आखून द्यायचं, होडी त्याबाहेर गेली की भोंगा वाजतो. पण नदीत होडी ओहोटीला खाली असते, भरतीला वर. वर्तुळ लहान आखलं तर ती वळताच भोंगा ठणाणा करतो. नांगर जागेवरच असतो, पण सगळं घर अंथरुणातून उठून डेकवर! वर्तुळ फार मोठं आखलं तर होडी काठाला लागेपर्यंत भोंगा गप्प. म्हणून नदीत मुरलेली माणसं पाणी पालटण्याची वेळ पाहून घड्याळाचा गजर लावतात, त्या वेळी उठतात, होडी वळून नांगर पुन्हा रुतेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं साखळीवर हात ठेवून बसतात, आणि ती गप्प झाली की मग झोपायला जातात.

सकाळी निघताना साखळी वर येते ती काळ्या, चिकट, वास मारणाऱ्या चिखलानं माखूनच. चाळीस मीटर साखळी, कडी कडी करून, बादलीभर पाण्यानं आणि ब्रशनं धुवायची. बहुतेक होड्यांवर हे काम घरातल्या मुलांकडे असतं. सगळ्यांत शेवटी नांगर येतो. त्याच्या फाळात मातीचा ढेकूळ घट्ट बसलेला असेल तर रात्री नांगर छान रुतला होता. नुसतं गवत आणि काटक्या असतील, तर होडी रात्रभर कशाच्या भरवशावर उभी होती, देव जाणे!